होळकरी नाणी मेळ्यात विकायची असतील तर

इंदूरच्या मराठी घरांत देवघरातल्या डब्यातून अजूनही जुने रुपये निघतात, आणि नाण्यांच्या मेळ्याला न्यायचे म्हणून आदल्या रात्री चिंच नाहीतर राख लावून चकचकीत केले जातात. हे कृपया करू नका. चांदीवरचा काळसरपणा नाण्याला मारत नाही, घासणं मारतं. भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसल्या की जाणकार भाव पाडतो, आणि त्या रेषा परत जात नाहीत. कुंकू चिकटलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ सुती कापडावर नुसतं टिपा. प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवट चिकट थर शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर द्रव्यं असतात.

आता ओळख. फारसीत मुघल बादशाह शाह आलमचं नाव दिसतं म्हणून नाणं मुघलांचं ठरत नाही. होळकरांनी त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक दशकं त्याच नावाने रुपये पाडले. सूर्याचं चिन्ह असेल तर टांकसाळ मल्हारनगर, म्हणजे आपलं इंदूर. शिवलिंग आणि बेलाचं पान असेल तर महेश्वर. दुसऱ्या यशवंतरावांच्या चित्राचे संवत १९९२चे (१९३५) अर्धा आणि पाव आणे बऱ्याच घरांत सापडतात, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. उलट पहिल्या यशवंतरावांचा शके १७२८चा संस्कृत लेखाचा रुपया हाती आला, तर दोन स्वतंत्र जाणकारांना दाखवल्याशिवाय खरा-खोटा काहीच धरू नका.

वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर घ्या. होळकरी रुपया साधारण ११.२ ग्रॅमच्या आसपास भरतो. झिजेने थोडं कमी चालेल, पण एक-दीड ग्रॅमचा फरक असेल आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं किंवा कडेला जोडाची रेघ दिसली, तर ओतीव नक्कल असण्याचा संशय घ्या. जुने असली होळकरी रुपये बहुतेक हाताने ठोकलेले असतात. त्यामुळे ठसा एका बाजूला सरकलेला असणं हा दोष नाही. सराफ्यात दिवसा वजन करून घेता येतं, मात्र कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका.

तळाचा भाव, म्हणजे नुसत्या चांदीची किंमत, घरीच काढून ठेवा. डब्यात ब्रिटिश रुपयेही असतील तर ते वेगळे करा. १८६२ ते १९३९चा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४०पासून १९४५पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. या दोन ढिगांची सरमिसळ झाली की विकणारा हमखास फसतो. १९३९चा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८मधल्या ८चा ९ केलेले तुकडे फिरतात. तो आकडा भिंगातून नीट बघा.

दोष आधीच सांगा. सराफी ठसे (सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा), भोक, कडी काढल्यावर राहिलेला डाग. आपल्याकडे रुपये माळेत ओवायची चाल होती, त्यामुळे बारा वाजताच्या जागी कडेवर डाग शोधणं ही घेणाऱ्याची पहिली सवय असते. लपवलेला दोष त्याला सापडला की उरलेल्या चांगल्या नाण्यांचाही भाव तो कमीच सांगतो.

मेळ्याला पहिल्या दिवशी सकाळी जा, तेव्हा व्यापाऱ्यांच्या हातात पैसा असतो. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा, त्याच्या स्टेपलच्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. किमान तीन टेबलांवर भाव विचारा आणि आधीच्या टेबलचा आकडा पुढे सांगू नका. सगळी नाणी एका गठ्ठ्यात देऊ नका. चांगली दोन-तीन उचलली जातात आणि बाकीची फुकट जातात.

अदलाबदलीत दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: "माझं रोख कितीला घ्याल?" आणि "तुमचं रोख कितीला द्याल?" समजा त्याने तुमच्याला ३,००० आणि स्वतःच्याला ५,००० सांगितले. वर २,००० मोजायला घाई करू नका. त्याच्या नाण्यावर त्याचा नफा आधीच आहे, म्हणून अदलाबदलीत तुमच्या नाण्याला रोखीपेक्षा जास्त मिळालं पाहिजे. ३,५००पर्यंत ओढा, मग फरक द्या.

नाण्याचं वर्णन, वजन आणि फोटो असलेली पावती घ्या. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, म्हणून परदेशी ग्राहकाला ते कुरिअर करू नका. आणि जमिनीत सापडलेला ठेवा मेळ्याला न्यायचाच नाही. १८७८च्या कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.