स्वतःचा इन्फिक्स ऑपरेटर: चिन्ह सोपे, अग्रक्रम अवघड

फंक्शनल लायब्ररीत नवा इन्फिक्स ऑपरेटर (+ सारखे दोन मूल्यांच्या मधे लिहायचे चिन्ह) घालायचा असेल तर आधी साध्या नावाचे फंक्शन लिहा आणि ते कायम ठेवा. ऑपरेटर हे त्याच फंक्शनचे दुसरे नाव असावे, एकमेव नाव नव्हे.

मग चिन्ह निवडा. हास्केल या फंक्शनल भाषेत : ने सुरू होणारी चिन्हे कन्स्ट्रक्टरसाठी (एखाद्या प्रकाराची मूल्ये घडवणाऱ्या नावांसाठी) राखीव आहेत, ती सोडा. एरवी छोटे आणि उच्चारता येईल असे काहीही चालेल.

आता खरी पायरी: अग्रक्रम (कोणता ऑपरेटर आधी लागू होतो; पातळीचा आकडा मोठा तो आधी) आणि दिशा (एकाच पातळीचे ऑपरेटर ओळीत आले तर गट डावीकडून की उजवीकडून). ‘काहीतरी आकडा द्या, लोक कंस घालतील’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. कंस घालायचेच असतील तर ऑपरेटर कशाला हवा? त्याहून वाईट म्हणजे काहीच न लिहिणे. हास्केलमध्ये घोषणा नसेल तर ऑपरेटरला आपोआप पातळी ९ आणि डावी दिशा मिळते. समजा |> हा डावीकडचे मूल्य उजवीकडच्या फंक्शनला देतो आणि ‘वर्ग’ हे संख्येचा वर्ग काढणारे फंक्शन आहे:

३ + १ |> वर्ग

आपल्याला १६ हवेत. पातळी ९ वर याचा अर्थ ३ + (१ |> वर्ग) असा लागतो आणि उत्तर येते ४. दोन्हीकडे आकडेच असल्याने प्रकार (टाइप) जुळतात, कंपायलर गप्प बसतो. अशी चूक शोधताना माणूस भलत्याच फंक्शनमध्ये शिरतो.

म्हणून ओळखीच्या पातळ्या समोर ठेवा: * ची ७, + ची ६, याद्या जोडणाऱ्या ++ ची ५, == ची ४, && ची ३, >>= ची १, डावीकडचे फंक्शन उजवीकडच्या मूल्याला लावणाऱ्या $ ची ०. आपल्या |> ला + च्या खाली जायचे आहे. मग ० का नको? कारण $ शून्यावर उजव्या दिशेचा आहे. त्याच पातळीवर डाव्या दिशेचा ऑपरेटर आणलात, तर दोघे एकाच ओळीत कंसाशिवाय आल्यावर कंपायलर ती नाकारतो. पातळी १ घ्या. हास्केलच्या प्रमाण लायब्ररीतला & नेमका याच कामासाठी आहे आणि तोही डावा, पातळी १ वरच आहे. याची किंमत एकच: ३ |> वर्ग == ९ लिहिताना कंस लागतो. पण तिथे कंपायलर ओरडतो, म्हणून ही किंमत मला मंजूर आहे.

दिशा प्रकारावरून ठरवा. उत्तर पुन्हा डाव्या बाजूला बसू शकत असेल तर डावी, जशी आपल्या ऑपरेटरची; उजव्या बाजूला बसू शकत असेल तर उजवी. यादीच्या पुढे घटक जोडणारा : म्हणूनच उजवा आहे. उत्तर सहसा कुठल्याच बाजूला बसत नसेल, जसे == चे, तर पातळी लिहा पण दिशा देऊच नका. दोन्ही बाजू आणि उत्तर एकाच प्रकारचे असतील तर खर्च बघा: ++ डावीकडून जोडत गेलो तर आधीच्या याद्या पुन्हापुन्हा चालाव्या लागतात, म्हणून तो उजवा ठेवला आहे.

स्काला आणि ओकॅमल या भाषांमध्ये आकडा देता येत नाही, अग्रक्रम चिन्हाच्या सुरुवातीवरून ठरतो. स्कालात : ने संपणारा ऑपरेटर उजवा होतो. तिथे वरचा सगळा विचार चिन्ह निवडतानाच करा.

चाचणीत नवा ऑपरेटर +, == आणि $ सोबत कंसाशिवाय लिहा आणि कंसासहित लिहिलेल्या ओळीशी उत्तर ताडून पाहा.

प्रकाशित झाल्यावर पातळी बदलणे म्हणजे इतरांच्या कोडचा अर्थ बदलणे. तसे करावेच लागले तर मुख्य आवृत्तीचा आकडा वाढवा आणि बदलांच्या नोंदीत पहिल्या ओळीत लिहा.