आय-सेव्हनच्या नादाला लागू नका: कमी बजेटात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं गणित

बेळगावच्या खडेबाजारातलं दुकान असू दे नाहीतर निपाणी-चिकोडीकडचं, गेमिंग पीसी म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न "आय-फाईव्ह की आय-सेव्हन?" आणि दुकानदार पण त्याच भाषेत बोलणार, ग्राफिक्स कार्डाचं विचारलं तर "चार जीबीचं टाकून देतो की" एवढ्यावर विषय बंद. सगळा घोळ इथंच होतोय. पैसे प्रोसेसरच्या नावावर जातात आणि गेम ज्याच्या जीवावर चालणार ते कार्ड उरलेल्या चिल्लरमध्ये बसवलं जातंय.

आधी दोन गोष्टी ठरवा, मग दुकानात जावा. मॉनिटर कुठला आणि गेम कुठले. कारण असं की गेममध्ये प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, प्रोसेसर हिशेब करतो, कोण कुठं आहे, गोळी कुठं लागली, काय काय काढायचं, आणि मग कार्ड ते चित्र रंगवतं. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, पाहिजे तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ पाहिजे तर फक्त ६.९, आणि दोघांतला जो हळू तोच तुमचा एफपीएस ठरवणार. आता गंमत बघा, १०८०पी मॉनिटरला साधारण २०.७ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) आहेत आणि १४४०पी ला ३६.९ लाख, म्हणजे कार्डाचं काम जवळजवळ पावणेदोन पट, पण प्रोसेसरचं काम आहे तेवढंच राहतं. म्हणून जास्त पिक्सेलचा मॉनिटर घेतला की पैसे कार्डात जास्त घालायचे, आणि १०८०पी वरच १४४ हर्ट्झ किंवा १६५ हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा मॉनिटर) घेऊन व्हॅलोरंट, सीएस २ असलं खेळायचं असेल तर प्रोसेसरला भाव द्यायचा, कारण ह्या गेमना कार्डाचं ओझं फार नाही. सायबरपंक, रेड डेड २ असलं रंगीत मोठं काही खेळणार असाल तर सरळ उलटं.

पैशाचं म्हणाल तर माझा साधा हिशेब असा, मिक्स गेम खेळणाऱ्यानं कार्डाला प्रोसेसरच्या साधारण दुप्पट पैसे ठेवायचे. मॉनिटर सोडून डब्याला ६० हजार असतील तर २२-२५ हजार कार्डाला आणि १०-१२ प्रोसेसरला, बाकीच्यात बोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. भाव सारखे हलतात, रॅमचे तर जास्तच, त्यामुळं आकडे पाठ करू नका, प्रमाण लक्षात ठेवा.

जोड्या कुठल्या? रायझन ५ ५६०० प्रोसेसरबरोबर आरएक्स ६६०० कार्ड ही माझ्या मते अजून पण कमी बजेटातली सगळ्यात कमी डोकेदुखीची जोडी. प्रोसेसरला सहा कोर (काम करणारे भाग) बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), कार्डावर ८ जीबी, आणि कार्ड १३२ वॉटचं असल्यानं चांगल्या कंपनीच्या ४५० वॉटच्या पॉवर सप्लायवर भागतं. इंटेलच पाहिजे असेल तर आय५-१२४००एफ घ्या, तो पण सहा कोरचा. हाच प्रोसेसर ठेवून वर आरटीएक्स ४०६० कार्ड पण बसतं, अडत नाही. हात फारच आखडता असेल तर आय३-१२१००एफ, कोर चारच आहेत पण १०८०पी ६० एफपीएस ला अजून पुरतोय, फक्त मागं डिस्कॉर्ड, क्रोमचे पंधरा टॅब आणि रेकॉर्डिंग असलं सगळं चालू ठेवून रडायचं नाही.

आता फसायच्या जागा, इथं जरा थांबून वाचा.

आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत, ८ जीबीचं २०२२ चं आणि ६ जीबीचं २०२४ चं. नुसती मेमरी कमी नाही, ६ जीबीवाल्यात कोर पण कमी आणि मेमरीचा रस्ता पण अरुंद. त्याचा एकच मोठा फायदा, ७० वॉटचं आहे, वेगळी वायर लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिसच्या डब्यात घालायला बरं. नवीन पीसीसाठी घेत असाल तर बिलावर कुठलं लिहिलंय ते बघा.

दुसरी जागा, आरएक्स ६५०० एक्सटी. हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवर (डेटा जायच्या वाटांवर) बोलतं, त्यातनं ४ जीबी मेमरी. रायझन ५५०० किंवा ५६००जी घेतला तर ते पीसीआय ३.० (ह्याच लेनची जुनी, निम्म्या वेगाची पिढी) वालेच आहेत, आणि ए५२० किंवा बी४५० बोर्ड घेतला तर वर ५६०० असला तरी ३.० च मिळतं. म्हणजे आधीच अरुंद रस्ता आणखी निम्मा. प्रोसेसर चांगला, कार्ड नवीन, तरी गेम अडखळतोय, आणि दुकानदार म्हणणार विंडोज परत टाकून बघू. आरएक्स ६६०० आठ लेनचं असल्यानं त्याला एवढा फटका नाही.

आर्क बी५८० ह्या इंटेलच्या कार्डाचं १२ जीबी बघून लाळ सुटते, खरं त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची बोर्डातली सेटिंग) चालू लागतंच, आणि साध्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ते आपली पूर्ण ताकद दाखवत नाही. आय३ वर बसवायचा विचार सोडा.

आणि तो "आय-सेव्हन गेमिंग पीसी वीस हजारात" प्रकार. त्यात बहुतेक वेळा तिसऱ्या जनरेशनचा आय७-३७७० निघतो, २०१२ चा, डीडीआर३ रॅमवाला, वर जीटी ७३० हे जुनं कमकुवत कार्ड चिकटवलेलं आणि चार रंगीत पंखे. आजचा आय३-१२१००एफ त्याला आरामात मागं टाकतो. वर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं. वडीलधाऱ्यांना हे सांगायला अवघड जातंय मला माहीत आहे, "सात म्हणजे तीनपेक्षा मोठं" हे त्यांच्या डोक्यातनं निघत नाही, तर त्यांना वर्ष दाखवा, गाडी घेताना मॉडेल कुठल्या सालचं ते तेच आधी विचारतात की.

कार्डाला आत्ता पैसेच नाहीत आणि सहा महिन्यांनी घेणार, असं असेल तर ५६००जी चालतो, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर तोपर्यंत हलके गेम निघतात. नावात एफ असलेले इंटेल घेतले तर कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. साधा ५६०० पण तसाच.

रॅम १६ जीबीची एक काडी नको, ८ च्या दोन घ्या आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सोय, चालू करून घ्या, दुकानातच. रॅम हळू चालली की मार प्रोसेसरला बसतो आणि आपण उगाच प्रोसेसरला शिव्या घालतो.

आपल्याकडं वळवाचा पाऊस आला की लाईट येते-जाते, खानापूरकडं तर पावसाळाभर तेच, त्यामुळं यूपीएस सोडू नका. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं म्हणजे साधारण ३६० वॉट धरा, ५६०० आणि आरएक्स ६६०० चा डबा गेम चालू असताना अडीचशेच्या आसपास खातो, मॉनिटर धरून पण सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. जास्त वॉटचं कार्ड घेतलं तर यूपीएस पण मोठा, हा खर्च कुणी आधी धरत नाही.

कोल्हापूर-पुण्यातनं आणलं की टॅक्स वाचतो असं लई जण म्हणायलेत. तसं काही नाही, जीएसटी इथं पण १८ टक्के, तिथं पण १८. भावात फरक असेल तर जरूर आणा, पण प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, कार्डाची वॉरंटी त्याच्यावरच.

पीसी घरी आला की केबल मदरबोर्डात नाही, कार्डात लावा. मग एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून खेळताना आकडे स्क्रीनवर आणा. कार्डाचा वापर ९५-९९ टक्के दिसला तर कार्ड पूर्ण राबतंय, पैसे वसूल. कार्ड ६० टक्क्यांवर लोळतंय आणि एफपीएस पण कमी, तर प्रोसेसर अडवतोय. इथं प्रोसेसरचा एकूण टक्का बघू नका, बारा थ्रेडपैकी एकच पूर्ण भरला तरी एकूण आकडा ८ च्या आसपासच दिसतो, एकेका कोरचा बघा. खात्री करायची तर सेटिंग सगळं लो करा, एफपीएस जागचा हलला नाही म्हणजे प्रोसेसरच. असं निघालं तर लगेच नवीन काही घ्यायला पळू नका, टेक्श्चर, रिझोल्यूशन वाढवा, रिकामं बसलेलं कार्ड ते फुकटात करून देतं, गर्दी आणि लांबचं दिसणं ह्या सेटिंग तेवढ्या कमी करा, आणि एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झवर बांधून टाका, झटके बरेच कमी होतात.