अमेरिकेतल्या लाकडी घराचं छप्पर वादळात टिकेल का, हे अ‍ॅटिकमध्ये चढून कसं बघायचं

ह्युस्टन किंवा फ्लोरिडा साइडला घर घेताना आपली मंडळी किचन बघतात, स्कूल डिस्ट्रिक्ट बघतात, छपराखालच्या माळ्यावर म्हणजे अ‍ॅटिकमध्ये मात्र कोणी डोकावत नाही. जोराचा वारा छप्पर खाली दाबत नाही, वर उचलतो, त्यामुळे राफ्टर (छपराची तिरकी तुळई) भिंतीला आणि भिंत फाउंडेशनला सलग पक्की बांधलेली लागते, मधला एक जोड कच्चा असेल तर बाकीचे मजबूत असून उपयोग नाही. या सलग जोडणीलाच लोड पाथ म्हणतात.

सकाळी लवकर चढा, दुपारी वर भट्टी असते. टॉर्च, मास्क घ्या आणि पाय फक्त लाकडावर, मधे ड्रायवॉलवर (खालच्या खोलीच्या छताचा पातळ जिप्सम बोर्ड) दिलात तर थेट बेडरूममध्ये उतराल.

आधी वर बघा. प्लायवूडमधून आलेल्या खिळ्यांची टोकं राफ्टरच्या बाजूला ओळीने दिसतायत? म्हणजे ते खिळे राफ्टरला लागलेच नाहीत. 1992 च्या अँड्र्यू वादळात साउथ फ्लोरिडात किती छपरं अशाच कामामुळे सोलून निघाली.

मग कडेला सरका, जिथे राफ्टर भिंतीच्या टॉप प्लेटवर (भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) बसतो. तिथे लोखंडी पट्टी म्हणजे हरिकेन क्लिप किंवा स्ट्रॅप हवा, नुसते तिरके खिळे ठोकलेले असतील तर तोच तुमचा कच्चा जोड. क्लिप असली तरी भोकं मोजा, कंपनीने सांगितलेले सगळे खिळे हवेत, ड्रायवॉल स्क्रू अजिबात नको, ते पटकन तुटतात. क्लिप नसेल तर नंतरही बसवता येते, पण छप्पर बदलताना करून घेतलं तर जागा मोकळी मिळते आणि स्वस्त पडतं.

टॉप प्लेट ते स्टड (भिंतीतलं उभं लाकूड) हा जोड भिंतीत झाकलेला असतो, तो नवीन बांधकाम असेल तर ड्रायवॉल लागायच्या आधीच फोटो काढून ठेवा, नंतर काही दिसत नाही.

खाली गॅरेजमध्ये भिंत उघडी असेल तर सिल प्लेटवर (फाउंडेशनवर टेकलेलं भिंतीचं सगळ्यात खालचं आडवं लाकूड) ते फाउंडेशनला धरून ठेवणारे अँकर बोल्ट शोधा, साधारण 6 फुटांच्या आत एक, आणि प्लेटच्या प्रत्येक टोकापासून 12 इंचांच्या आत एक, नट-वॉशर घट्ट. फ्लोरिडात बऱ्याच भिंती काँक्रीट ब्लॉकच्या असतात, तिथे हा भाग वेगळा. गॅरेजचं दारही विंड-रेटेड म्हणजे जोराचा वारा झेलेल असं प्रमाणित आहे का बघा, ते आत ढकललं गेलं की घरात शिरलेला वारा छप्पर आतूनही उचलतो.

फ्लोरिडात विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन (घर वाऱ्यात किती टिकेल याची तपासणी) करून घ्याच, त्या फॉर्मवर तिरके खिळे, क्लिप, सिंगल रॅप, डबल रॅप (राफ्टरवरून वळवून बसवलेल्या पट्ट्यांचे प्रकार) अशी नोंद होते आणि इन्शुरन्सचा डिस्काउंट त्यावर ठरतो.