चपटकृमीच्या अंड्यातला पीळ कसा पाहावा

आधी एक सल्ला खोडून काढतो. 'चपटकृमीचा भ्रूण बघायचाय? मग ओहोळातला प्लॅनेरिया आण.' मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं आणि त्यात माझा अख्खा हंगाम गेला. प्लॅनेरिया म्हणजे गोड्या पाण्यातला चपटकृमी. त्याच्या कोशात मोजकी अंडी नि भोवती पीतकपेशींची, म्हणजे अन्न साठवलेल्या पेशींची, गर्दी असते. अंड्याच्या पेशी विभागल्या की एकमेकींना सोडून त्या गर्दीत पांगतात. पुढे भ्रूणाला तात्पुरता घसा फुटतो नि तो पीतकपेशी गिळत सुटतो. मजेशीर आहे, पण नवख्याला त्यातून काही उलगडत नाही. तुम्हाला हवेत पॉलिक्लॅड, म्हणजे समुद्रातले पानासारखे चपटकृमी. त्यांचं पीतक अंड्याच्या आतच असतं आणि विभाजन जुन्या वळणाचं: पेशींचा थर पिळल्यासारखा वळत जातो, तोच हा पीळ.

पाऊस सरल्यावर, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी सुकती गाठा. गोव्यातली हणजुण किंवा वागातोरची खडपं चालतील. खालच्या पट्ट्यातला दगड उलटला की कधीतरी पानासारखा पातळ, कडा लहरवत सरकणारा जीव दिसेल. बोटांनी धरलात तर फाटेल, म्हणून मऊ ब्रशने डब्यात उतरवा आणि दगड होता तसा पालथा घाला. दोन पुरे. प्रत्येक जण नरही असतो, मादीही.

डबा सावलीत ठेवा, समुद्राचं पाणी रोज बदला. एखाद्या सकाळी डब्याच्या भिंतीला पांढरट, एकपदरी चकती चिकटलेली दिसेल. तीच अंडी. आदल्या संध्याकाळपासून अधूनमधून डोकावत राहा, कारण शिळ्या चकतीत पहिली विभाजनं उरकलेली असतात.

आता खरी अडचण. चकतीचा तुकडा ब्लेडने सोडवून काचपट्टीवर घेतलात आणि वर झाकणकाच ठेवलीत की अंडी चिरडली. काचेच्या चारही कोपऱ्यांखाली व्हॅसलीनचे ठिपके द्या. सूक्ष्मदर्शकाचा दिवा सतत चालू ठेवू नका. थेंब तापतो, आटतो, खारटपणा वाढतो आणि भ्रूण वेडेवाकडे होतात. बघा, दिवा बंद करा, थेंब बदला, अर्ध्या तासाने परत या. भिंग दहापटीचंच ठेवा.

दोन पेशी, मग चार. इथवर कुणालाही दिसतं. चाराच्या आठ होताना मात्र डोळा फसतो. खाली चार नारळ ठेवून वर चार लिंबं ठेवली, तर ती नारळांच्या डोक्यावर न बसता मधल्या खाचांत घसरतात. वरच्या पेशी तशाच खाचांत बसतात, फक्त लिंबांइतक्या लहान असतीलच असं नाही. फोकस हळूहळू वरखाली करा, म्हणजे दोन्ही थर आळीपाळीने दिसतील. या वेळी वरचा थर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो, पुढच्या विभाजनात उलट, मग परत सुलट.

मी एकदा वहीत ठामपणे 'डावा पीळ' लिहून मोकळा झालो होतो. भ्रूण पालथा होता! खालून पाहिलं की दिशा उलटी दिसणारच. तेव्हापासून माझा हट्ट आहे: आधी वरची बाजू शोधा, मगच दिशा लिहा. अंड्याच्या वरच्या टोकाला ध्रुवपिंड नावाचे बारीक ठिपके असतात. ते दिसेपर्यंत झाकणकाच केसभर सरकवून अंडं लोळवा. ठिपका दिसला नाही तर दिशेची जागा कोरी ठेवा. अंदाज लिहिण्यापेक्षा ते बरं.

एवढा खटाटोप एका पिळासाठी कशाला? डब्यात चुकून समुद्री गोगलगाईची अंड्यांची फीत आली तर कळेल. तिथेही हाच पीळ दिसतो. जीवशास्त्रज्ञ एडमंड विल्सन यांनी १८९२ मध्ये नेरीस या वलयी कृमीच्या पेशींची वंशावळ मांडली, तिथेही तोच. तिघांतही '४डी' नावाच्या एकाच पेशीतून मध्यस्तराचा, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या थराचा, मोठा भाग येतो. चपटकृमींना शरीरपोकळी नाही, गुदद्वार नाही, म्हणून त्यांना बराच काळ द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या) प्राण्यांच्या वंशवृक्षात तळाशी बसवलं जाई. जनुकांची तुलना झाल्यावर ते मृदुकाय (गोगलगाईंचा गट) आणि वलयींच्या जवळ आले. पीळ तेच सांगत होता. प्लॅनेरियाने तो मागाहून गमावला, म्हणून तर तो सल्ला वाईट.

बाकी सोपं आहे. साधारण आठवडाभराने, कधी दोन आठवड्यांनी, चकतीतून केसाळ पिल्लं गरगरत निघतात. अंगावर कानाच्या पाळीसारख्या आठ पाळ्या असतील तर म्युलरची अळी, चार असतील तर गोएटेची. काही जातींत अळी नसतेच, थेट चिमुकला कृमी बाहेर पडतो, तेव्हा चुकलं असं समजू नका. मोठे दोघे पुढच्या सुकतीला त्याच खडपावर सोडा.