अनुभव भरपूर, कागद कोरा: लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

"सध्या अनुभव घेतोय, लिहिणं नंतर." पुण्यात लिहू पाहणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सारखं येतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण काय पाहिलेलं नाही, हे लिहायला बसल्याशिवाय कळतच नाही.

मंडईवर चार ओळी लिहून बघा. १८८६ सालची इमारत, अष्टकोनी मनोरा, गर्दी, घासाघीस, इथपर्यंत हात भरभर चालतो. मग भाजीवाल्या मावशी ओट्यावर येऊन बसतात. पण कशा? मांडी घालून, की एक पाय खाली सोडून? कोथिंबिरीवर पाणी मारतात ते हाताने, की डब्याने? सुट्टे पैसे कुठे ठेवतात? इथे लेखणी अडते. अडली की उठायचं आणि सरळ मंडई गाठायची. त्या दिवशी नजरेला काम असतं, त्यामुळे रोजच्या वाटेवरचंही नव्याने दिसतं. परत आल्यावर त्याच चार ओळी पुन्हा लिहायच्या. मोठ्या प्रवासाची वाट बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी आहे.

याच्या उलट चूक म्हणजे अनुभव घेतानाच मजकूर जुळवणं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या रांगेत उभं राहून मनात वाक्यं घोळवत बसलात, तर शेजारची आजी काय म्हणाली ते निसटतं. फोन खिशात ठेवा. रात्री झोपण्याआधी पाच ओळी लिहा: कोण भेटलं, काय बोललं, अगदी त्यांच्याच शब्दांत. "भारावून गेलो" एवढंच लिहून ठेवलंत, तर सहा महिन्यांनी त्यातून काही हाती लागत नाही.

दिवाळी अंकाची तारीख जवळ आली की काहीजण स्वतःला खोलीत कोंडून घेतात. सगळी पात्रं एकसारखी बोलायला लागली, की समजा बाहेर पडायची वेळ झाली. स्वारगेटहून हडपसरची बस पकडा आणि नुसतं ऐका.

शेवटचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरातलं आजारपण, मृत्यू, भांडण यांवर लगेच लिहा, पण छापायला घाई करू नका. नाव बदललं तरी नातेवाईक माणूस बरोबर ओळखतात. ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचायला द्या. तो नको म्हणाला, तर मजकूर वहीतच राहू द्या.