असई, जेवणाच्या टेबलावर: मित्रांबरोबर ऐतिहासिक लढाई कशी खेळावी

लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल, तर यातलं निम्मं काम तुम्हाला येतंच. माती, विटांचे तुकडे, हळिवाची शेती आणि बुरुजावर रंगवलेले मावळे. फरक इतकाच, की ते मावळे तुळशीच्या लग्नापर्यंत जागचे हलायचे नाहीत. इथे ते चालणार, मार खाणार आणि पळणारसुद्धा. कधी पळायचं ते फासा ठरवणार.

खेळ म्हणजे मिनिएचर वॉरगेम. टेबलावर रणभूमी मांडायची, दोन्हीकडच्या पलटणी छोट्या शिपायांनी दाखवायच्या, अंतर टेपने मोजायचं आणि आळीपाळीने चाली करायच्या. रविवारी दहाला बसलात तर पाचपर्यंत एक लढाई होते. चार ते सहा खेळाडू आणि एक पंच हवा. पंचाला फाटा देऊ नका. प्रशियाच्या लष्करात १८२४ साली राइसवित्स नावाच्या लेफ्टनंटने असा खेळ अधिकाऱ्यांसाठी मांडला, तेव्हाही मधे पंच होता. कुणाला काय दिसतंय आणि काय दिसत नाही, हे सांभाळायला तिसरा माणूस लागतोच.

लढाई निवडताना

‘पानिपत खेळू या’ हा सूर ठरलेला. पहिल्या खेपेला नको. माणसं फार, मैदान फार, आणि दुपारपर्यंत तुम्ही सैन्य मांडतच असाल. पावनखिंड उलट फार अरुंद. तिथे अडवून धरणं हा एकच डाव, आणि विरुद्ध बाजूचा खेळाडू तासाभरात कंटाळतो.

मी नवख्यांना असई सुचवतो. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, तीनेक तासांत लढाई निकाली निघाली. मैदानाच्या बाजू नद्यांनीच आखून दिलेल्या आहेत, त्यामुळे ते टेबलावर नीट बसतं. शिवाय दोन्हीकडच्या सेनापतींना खरे निर्णय घ्यावे लागले.

ते निर्णय आधी कागदावर लिहून काढा, कारण सगळे नियम त्यांच्याभोवती रचायचे आहेत. वेलस्लीला शत्रू अचानक समोर दिसला. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज अजून लांब होती. थांबायचं की आहे त्या बळावर भिडायचं? भिडायचं तर नदी कुठे ओलांडायची? वाटाडे म्हणत होते, इथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, नाही. त्याने पाहिलं, की केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर आहेत. दोन गावं इतकी जवळ असतील तर लोक ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच. होताही. पलीकडे शिंद्यांच्या कवायती कंपूंचा, म्हणजे युरोपी पद्धतीने शिकवलेल्या पायदळ-तुकड्यांचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा माणूस. त्याच्या पलटणी दक्षिणेकडे, नदीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि शत्रू पूर्वेकडून, कुशीवर येत होता. सगळी रांग काटकोनात फिरवायची की आहे तिथेच लढायचं? त्याने फिरवली, तीही वेलस्लीच्या अंदाजापेक्षा फार लवकर.

मैदान आणि मोजमाप

सहा फूट बाय चार फुटांचा पृष्ठभाग हवा. जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकलं की झालं. लढाई झाली ती जागा साधारण मैलभर रुंद. एक इंच म्हणजे ५० यार्ड धरले, तर मैलाचे १७६० यार्ड ३५ इंचांत बसतात, आणि चार फुटांच्या रुंदीत दोन्ही बाजूंना नद्यांसाठी जागा उरते. हे गणित कुठल्याही लढाईला आधी करा. प्रमाण न ठरवता मैदान सजवणाऱ्यांच्या तोफा टेबलाच्या या टोकावरून त्या टोकावर मारा करतात आणि मग चाली करण्यात अर्थच उरत नाही.

खाली हिरवी-तपकिरी चादर. चढ-उतार दाखवायला चादरीखाली थर्मोकोलचे तुकडे. नद्या निळ्या कापडाच्या पट्ट्यांच्या. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, पूर्वेकडे दोन्ही एकमेकींजवळ येणाऱ्या. असई गाव जुईच्या काठी, बेचक्याच्या आत. आगपेट्यांची घरं आणि भोवती पुठ्ठ्याची तट-भिंत पुरे. लाकडाचा भुसा हिरव्या रांगोळीत घोळवून फेविकॉलवर भुरभुरला की गवत छान दिसतं. फक्त पंखा बंद ठेवा.

सैन्य

प्लास्टिकचे १/७२ मापाचे शिपाई, म्हणजे जेमतेम इंचभर उंचीचे, नेपोलियनच्या काळातले संच ऑनलाइन मिळतात. पहिल्या लढाईला तेही नकोत. जाड कागदावर छापलेले शिपाई कापून उभे केले तरी खेळ तोच. रंगकामात अडकलेले कित्येक जण मी पाहिलेत. कोटाच्या बटणांवरून वाद घालत वर्ष जातं आणि लढाई काही होत नाही.

शिपाई सुटे ठेवायचे नाहीत, पुठ्ठ्याच्या बेसवर चिकटवायचे. एक बेस म्हणजे एक पलटण. पाचशे शिपाई दोन ओळींत उभे राहिले की रांग दीडशे यार्डांच्या आसपास जाते, म्हणून बेस तीन इंच रुंद. त्यावर चार शिपाई लावले काय नि सहा काय, फरक पडत नाही.

आता संख्या. शिंद्यांकडे कवायती पायदळ सुमारे १०,८००. पलटणीला सहाशे धरून १८ बेस, तीन कंपूंत वाटलेले: पोलमनचा सर्वांत मोठा, शिवाय सरधन्याच्या बेगम समरूचा आणि द्युपाँचा. तोफा शंभरावर. दहा तोफांना एक नमुना, म्हणजे दहा नमुने. बिनकवायती घोडदळ तीस-चाळीस हजार सांगतात. त्याचे दहा बेस पश्चिमेला मांडा, त्यांची गोष्ट पुढे येते. वेलस्लीकडे ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर, म्हणजे स्कॉटिश पलटणी, मद्रासच्या चार पलटणी, पिकेटचा म्हणजे पहाऱ्यावरच्या तुकड्यांचा अर्धा बेस, घोडदळाच्या चार रेजिमेंट्स आणि १७ तोफांचे दोन नमुने. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार केळणेच्या दक्षिणेलाच राहिले. तेही तिथेच ठेवा.

हे मांडून झालं की वेलस्ली खेळायला कुणी तयार होत नाही. एक तर संख्या कमी, दुसरं म्हणजे सगळ्यांना शिंद्यांकडूनच खेळायचं असतं. चिठ्ठ्या टाका.

नियम, एका पानात

एक फेरी म्हणजे पंधरा मिनिटं, एकूण बारा फेऱ्या. पायदळ आठ इंच चालेल, घोडदळ सोळा, बैलांनी ओढायच्या तोफा चार. रांगेचं तोंड फिरवायला अख्खी फेरी जाते.

बंदुकीचा पल्ला चार इंच: दोन फासे, ५ किंवा ६ पडला तर मार लागला. तोफेचा गोळा अठरा इंचांपर्यंत: एक फासा, ५ किंवा ६. सहा इंचांच्या आत आलात की छर्रे: तीन फासे, आणि ४पासून पुढे मार. प्रत्येक पलटण चार मार झेलते. दुसऱ्या माराला धीर तपासायचा: हायलँडर ३ किंवा जास्त पडलं तर टिकतील, बाकीचे ४ किंवा जास्त. नाही टिकले तर एक चाल मागे. हातघाईला दोघांनी फासा टाकायचा, जास्तवाला जिंकला. कुशीवर चढाई केली असेल तर दोन जास्तीचे.

यापेक्षा बारीक नियम पुढच्या खेपेला. पण असईला असईपण देणारे तीन खास नियम मात्र हवेतच.

पहिला नियम पिकेटचा. उजवीकडच्या पिकेटला असई गाव टाळायचा हुकूम होता. त्यांचा अधिकारी ऑरॉक थेट गावाच्या रोखाने गेला, मागोमाग ७४वी पलटण गेली आणि गावातल्या तोफांपुढे तिची वाताहत झाली. शेवटी मॅक्सवेलच्या घोडदळाने धावून जाऊन तिला सोडवलं. म्हणून पिकेट पुढे निघालं की पंचाने फासा टाकायचा. १ ते ३ पडलं तर पिकेट गावाकडे वळणार आणि ७४वी त्याच्या पाठीमागे. वेलस्लीचा खेळाडू आरडाओरडा करतो. करू द्या.

दुसरा नियम घोडदळाचा. भोसले आणि शिंदे दोघेही लवकरच रणांगण सोडून गेले आणि तो प्रचंड घोडदळाचा समुदाय बघत राहिला. त्या बेसना हलवायला दर फेरीला ६ पडायला हवा.

तिसरा नियम गोलंदाजांचा, म्हणजे तोफा चालवणाऱ्यांचा, आणि तो माझा सगळ्यांत आवडता. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली, तेव्हा बरेच मराठी गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून होते. रांग पुढे सरकताच उठले, तोफा वळवल्या आणि पाठीमागून छर्रे सोडले. वेलस्लीला त्या तोफा पुन्हा जिंकायला ७८वी पलटण आणि घोडदळाची एक रेजिमेंट घेऊन मागे यावं लागलं. नियम असा: जिंकलेल्या तोफेजवळ एखादी पलटण ठेवली नाही, तर पुढच्या फेरीला फासा टाका. ४ किंवा जास्त पडलं तर तोफ जिवंत. आमच्याकडे एकदा हा फासा पडला तेव्हा वेलस्ली चहा ओतत होता. त्याच्या दोन मद्रास पलटणी सरळ पश्चिमेकडे चाललेल्या. शिंद्यांच्या खेळाडूने काही न बोलता तोफेचा नमुना दोन बोटांनी उचलला, फिरवला, टेप लावला: साडेपाच इंच. मग तीन फासे उचलले. चहा तसाच गार झाला.

माहीत असलेलं विसरायचं कसं

खरी अडचण इथे आहे, आणि आम्ही तिच्यात पहिल्याच डावात सापडलो. शिंद्यांच्या बाजूच्या मित्राने आदल्या रात्री सगळं वाचलं होतं. पहिल्याच फेरीत त्याने तीन पलटणी पिंपळगावच्या उताराकडे धाडल्या. अर्ध्या तासात खेळ खलास. तो खूश, बाकी सगळे वैतागलेले. पोलमनला जे ठाऊकच नव्हतं, त्यावर त्याचा डाव उभा होता.

दुसऱ्या खेपेला पंचाने लबाडी केली. लढाईचं नावच सांगितलं नाही. नकाशा उलटा केला, उत्तरेला दक्षिण केलं. केळणेला मुळा म्हटलं, जुईला मुठा. खेळाडूंच्या हातात फक्त अर्ध्या पानाची माहिती: तुमच्याकडे काय आहे, समोर काय दिसतंय, वाटाडे काय म्हणतात. वेलस्लीच्या कागदावर ‘उतार नाही’ असंच लिहिलेलं, पण नकाशात दोन गावं नदीच्या दोन काठांना काढलेली. खेळाडूने वीस मिनिटं नकाशाकडे पाहिलं, आणि मग विचारलं, ‘ही माणसं बाजाराला कुठून जातात?’ पंचाने मान डोलावली आणि उतार उघडा केला. जेवायची वेळ होईपर्यंत असई कुणी ओळखली नव्हती.

पडदाही वापरा. फौजा एकमेकींच्या नजरेत येईपर्यंत टेबलावर मधोमध पुठ्ठा उभा ठेवायचा, दोन्हीकडची खरी जागा फक्त पंचाच्या वहीत. हुकूम तोंडी द्यायचे नाहीत. चिठ्ठीवर लिहायचे आणि एक फेरी उशिरा पोचवायचे. एका बाजूला दोन खेळाडू असतील तर त्यांना वेगळ्या खोल्यांत बसवा. चिठ्ठीवरचं अक्षर न लागल्याने होणारे घोटाळे फुकटात मिळतात.

कोण जिंकलं

मैदान कुणाकडे राहिलं एवढ्यावर निकाल लावला, तर शिंद्यांचा खेळाडू तोफा सोडून बसतो. इतिहासाशी तुलना करून गुण द्या. त्या दिवशी मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. तुमच्या खेळाडूने दहापैकी तीन नमुने वाचवले तर तो पोलमनपेक्षा सरस. कंपनीकडे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता, तेही साडेचार हजारांच्या आसपासच्या फौजेतले. म्हणजे तीन माणसांमागे एक. टेबलावर वेलस्लीचं नुकसान यापेक्षा कमी झालं, तर जिंकल्याचं श्रेय त्याला. दोघेही इतिहासापेक्षा बरे ठरले, तर पंचाचे नियम ढिले होते. पुढच्या वेळी छर्‍यांचा फासा वाढवा.

डाव संपला की नकाशा सरळ करा, खरं नाव सांगा आणि दर फेरीला वरून काढलेले फोटो ओळीने दाखवा. मग बाजू बदलून पुन्हा खेळा. आता सगळं माहीत असूनही खेळ रंगतो, कारण प्रत्येकाला आपण तिथे काय केलं असतं ते दाखवायचं असतं.

आवरताना घाई करू नका. बेसच्या खाली चुंबकाची पट्टी चिकटवली असेल, तर पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात सगळं सैन्य उभंच्या उभं बसतं आणि संगिनी मोडत नाहीत. झाकण लावण्याआधी बेस मोजा. आमच्या १९व्या ड्रॅगून्सचा एक घोडा अजून सोफ्याखाली आहे.