होळीच्या आधी: घरी रेड वाइन मुरवायची आणि चाखायची तयारी

पुण्यात विकत आणलेल्या रेड वाइनच्या बाटल्या घरी काही वर्षं मुरवायच्या असतील, तर सगळी तयारी होळी पेटायच्या आत उरकलेली बरी. एप्रिल-मे महिन्यात पारा 40 च्या घरात जातो आणि बंद फ्लॅटमधलं लाकडी कपाट दुपारी आतून चांगलंच तापतं. मुरणाऱ्या वाइनला हवं असतं 12 ते 14 अंश, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बारा महिने तेवढंच. उन्हाने वाइन फुगते, बूच वर रेटलं जातं, थंडावा आला की हवा आत शिरते. मग फळांचा ताजा वास जातो आणि शिजलेल्या जॅमचा येतो. हे नुकसान पुन्हा भरून निघत नाही. म्हणून पैसे आधी जागेवर घालावेत, बाटल्यांवर नंतर.

जागा ठरवण्याआधी कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर त्या कोपऱ्यात काही दिवस ठेवून आकडे लिहून काढा. गच्चीखालचा मजला, पश्चिमेची भिंत, गॅसच्या ओट्याजवळचं कपाट ही ठिकाणं सरळ बाद. जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींची काळोखी खोली नशिबाने हाताशी असेल तर वर्ष-सहा महिन्यांपुरती चालेल; त्याहून जास्त थांबायचं तर वाइन कूलर, म्हणजे वाइनसाठीचा खास फ्रिज, घ्यावाच लागतो. तो घेताना कॉम्प्रेसरवाला आहे का, हे आधी विचारा. कॉम्प्रेसर नसलेला थर्मोइलेक्ट्रिक कूलर आवाज करत नाही, स्वस्तही पडतो, पण खोलीच्या तापमानापेक्षा तो ठरावीक अंशच खाली जाऊ शकतो. मे महिन्यात खोलीच 34 अंशांवर असेल, तर आतली वाइन 19-20 च्या खाली येणं कठीण. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर घाबरू नका. दार उघडलं नाही तर भरलेला कूलर दोन-चार तास सहज तग धरतो. नेहमीचा फ्रिज मात्र मुरवण्यासाठी नको. तो फार थंड आणि कोरडा असतो, बूच आक्रसतं.

बूच असलेल्या बाटल्या आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. स्क्रू कॅपच्या बाटल्या उभ्या राहिल्या तरी हरकत नाही. शेजारी डांबराच्या गोळ्या, कांदे-लसूण, रंगाचे डबे नकोत. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते, कसर लागते, म्हणून बाटलीभोवती क्लिंग फिल्मचा एक वेढा द्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात नाव आणि द्राक्षतोडणीचं वर्ष लिहिलेली चिठ्ठी अडकवली, की शोधाशोधीत बाकीच्या हलत नाहीत.

आता बाटल्या. दुकानातल्या बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. त्या साठवून फक्त थकतात. मुरण्यासाठी वाइनमध्ये भरपूर टॅनिन, चांगली आंबट धार आणि दाट फळ लागतं. टॅनिन म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जिभेला आणि हिरड्यांना जी ओढ बसते, ती. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा मऊ होतो. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना तोडली जातात. साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो. त्यामुळे युरोपातल्या नामांकित वाइनइतका लांबचा पल्ला आपल्या बाटल्यांकडून धरू नये. इटलीची चांगली बरोलो दहा-वीस वर्षं काढते. नाशिकच्या सुलाची रासा शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं मिळून केलेली सेट्टे, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, यांना मी तोडणीपासून चार ते सहा वर्षं देईन.

माझा आग्रह एकच: सहा वेगवेगळ्या बाटल्या घेऊ नका, एकाच वाइनच्या, एकाच वर्षाच्या सहा घ्या. एक लगेच उघडा, मग दरवर्षी एक. मुरणं म्हणजे काय, हे जिभेला याशिवाय कळत नाही. दुकानात काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली नाकारून बंद खोक्यातली मागा. बूच वर आलेलं किंवा गळ्यावर चिकट ओघळ असेल तर ती परत ठेवा. नाशिकहून गाडीने आणणार असाल तर बाटल्या डिकीत नको, एसीत पायाशी ठेवा आणि वाटेत जेवायला थांबताना गाडी सावलीत लावा. मद्यसेवनाचा परवाना काढून ठेवा. वर्षाचा किंवा आजीव, दोन्ही मिळतात.

चाखायच्या आदल्या दिवशी जुनी बाटली उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. त्या दिवशी घरात उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा काही नको आणि स्वयंपाकघरातली फोडणी पाहुणे यायच्या बरंच आधी आटपलेली हवी. वाइन 16 ते 18 अंशांवर हवी. बाहेर ठेवलेली असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये. जुनी वाइन काचेच्या सुरईत ओतताना बाटलीच्या गळ्याखाली मोबाईलचा टॉर्च धरा. हात अजिबात न थांबवता बारीक धारेने ओतत राहा. गळ्यात काळसर रेघ सरकताना दिसली की तिथेच थांबा, उरलेला घोट बाटलीतच राहू द्या. जुनी वाइन ओतल्यावर लगेच प्यावी, कोवळ्या तुरट वाइनला तासभर हवा मिळू द्यावी.

ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास एक तृतीयांश भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा: कोवळी वाइन जांभळट, मुरलेली विटकरीकडे झुकते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं आहे, दुसरी बाटली उघडा. सोबतीला साधा पाव, चीज, आणि मांसाहारी घर असेल तर मसाला घालायच्या आधी बाजूला काढलेलं आळणी मटण. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचतात, म्हणून तांबडा रस्सा बाटली संपल्यावर. प्रत्येकाने बोलण्याआधी आपापल्या वहीत रंग, वास, चव आणि शेवटी तोंडात किती वेळ राहिली, हे लिहावं. पहिल्याने मोठ्याने सांगितलं की बाकीच्यांनाही तेच वास यायला लागतात. उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.